पाव गुंठा

परवा एका व्हेरिफिकेशन एजन्सीतून फोन आला. नोकरी बदलली की हे लोक कायमचा पत्ता तपासतात. फोनवरची मुलगी जरा संकोचूनच म्हणाली, "सर, तुमच्या अ‍ॅड्रेसमध्ये 'बेघर वसाहत' असं लिहिलंय. टायपिंग मिस्टेक आहे का?"

म्हटलं, नाही, बरोबर आहे. बेघर वसाहतच.

"पण सर, तिथं घर आहे ना?"

आहे की. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब. मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली. तिनं काय टाइप केलं कुणास ठाऊक. :)

आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना यात काही नवीन वाटणार नाही. गावाच्या कडेला 'बेघर वसाहत' नावाची वस्ती आमच्याकडे खूप ठिकाणी सापडते. माझं गाव इस्लामपूरपासून सायकलच्या अंतरावर. (२०२५ साली सरकारनं इस्लामपूरचं ईश्वरपूर करायचं ठरवलं, पण माझ्या बोटांना अजून जुनंच नाव टाइप करायची सवय आहे.) गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं ग्रामपंचायतीबद्दल थोडं बोलायचं आहे आणि आईवडिलांना तिथंच राहायचं आहे.

तर या वसाहतीचं मूळ असं. १९७१ साली केंद्र सरकारनं ग्रामीण भागातल्या भूमिहीन मजुरांना घरासाठी जागा द्यायची योजना काढली. पुढं ती राज्यांकडे आली, मग वीस कलमी कार्यक्रमात गेली. गावोगावी सरकारी जमिनीचे तुकडे पाडून प्लॉट वाटले गेले. माझे आजोबा दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजायचे, हंगामात कारखान्यावर पडेल ते काम करायचे. ते ज्याच्या रानात राहात होते तो मालक भला माणूस होता, पण त्याचा मोठा मुलगा भला नव्हता. एका दिवाळीच्या आधी "खोप हलवा" म्हणून निरोप आला. त्यानंतर वर्षभरात आजोबांना प्लॉट मिळाला. गुंठ्याला थोडा कमीच. बाकी काही नाही. ना विटा, ना सिमेंट. आजोबांनी तीच खोप उचलून प्लॉटवर आणून ठेवली.

मग काय झालं ते सांगतो. खोपीच्या भिंती मातीच्या झाल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात हंगामी लागले तेव्हा वर कौलं आली. मी चौथीत असताना विटांचं बांधकाम, मी राजारामनगरला इंजिनिअरिंगला असताना फरशी, आणि मला पहिली नोकरी लागल्यावर स्लॅब. पंचवीस-तीस वर्षं घर चालू होतं. पण या सगळ्या काळात "खोप हलवा" असा निरोप परत कधी आला नाही. रेशनकार्डावर एकच पत्ता राहिला, शाळा एकच राहिली. मी आज पुण्यात बसून शनिवारी सकाळी हे लिहितोय त्यात माझ्या हुशारीचा वाटा किती आणि त्या पाऊण-एक गुंठ्याचा किती, हा हिशेब मी कधी कधी करतो. गुंठा जिंकतो.

आता दुसरी बाजू. ती पत्र्याची खोली भाड्यानं दिलेली आहे. तिथं एक मावशी राहतात. मूळ जत तालुक्यातल्या. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला यायच्या, हंगामात कोपी घालून राहायच्या आणि पावसाळ्यात परत जायच्या. नवरा गेल्यावर जतला जाऊन करायचं काय? तिथलं मोडकं घर दिरांच्या नावावर. म्हणून २०१४ च्या सुमाराला त्या दोन मुलांना घेऊन इकडंच राहिल्या. भांगलण, द्राक्षाची छाटणी, लोकांच्या घरची धुणीभांडी. मतदान इथं, रेशनकार्ड इथं, मुलं इथल्याच शाळेत. भाडं दीड हजार रुपये. आई दर महिन्याला ते घेताना "असू दे गं पुढच्या महिन्यात" म्हणते, आणि मावशी दर महिन्याला पाच तारखेच्या आत देतात.

म्हणजे बेघर वसाहतीतल्या आमच्या घरात एक खरोखरची बेघर बाई भाडेकरू आहे. आणि तिची घरमालक आमची फॅमिली. हे वाक्य लिहायला मला दोन आठवडे लागले.

मावशींचं नाव घरकुलाच्या यादीत आलंय. प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण. सर्व्हेचा पोरगा मोबाईल घेऊन आला, आत्ता राहतात त्या घराचा फोटो काढला. पत्र्याच्या खोलीच्या दारात मावशी पदर सावरून उभ्या राहिल्या. मग तो म्हणाला, "आता नवीन घर कुठं बांधणार तिथं चला, तिथला फोटो पाहिजे." मावशी तिथंच उभ्या. म्हणाल्या, "आन् कुठं चलू बाबा? हितंच काढ की." त्यानं समजावून सांगितलं की ही जागा दुसऱ्याच्या नावावर आहे. जागेचा कागद पाहिजे, निदान ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा तरी पाहिजे. मावशी मला फोनवर सांगत होत्या, "दादा, पोरगं वाईट न्हवतं वं. पर त्येच्या मोबाईलात फुडं जाईना."

पुढे जाईना! सॉफ्टवेअरवाल्या कुठल्याही माणसाला हे लगेच कळेल. फॉर्ममध्ये एक रकाना सक्तीचा आहे, आणि ज्याच्यासाठी फॉर्म बनवला त्याच्याकडेच त्या रकान्यात भरायला काही नाही. असलं आम्ही बनवलं असतं तर टेस्टिंगवाल्यांनी पहिल्याच दिवशी परत पाठवलं असतं.

आता सरकार काहीच करत नाही अशातला भाग नाही, आणि असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात अमित शहांच्या हस्ते महाराष्ट्रातल्या २० लाख लाभार्थ्यांना एकदम मंजुरीपत्रं दिली गेली, त्यातल्या १० लाखांना पहिला हप्ताही. एवढा मोठा आकडा एका राज्यात एका दिवशी म्हणजे गंमत नाही. पैसे थेट खात्यात जातात, मधे ठेकेदार नाही. पाया झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो, आणि फोटो चढला की पुढचा हप्ता. इंदिरा आवास १९८५ साली सुरू झाली, तिच्या काळातल्या सुरस कथा ज्यांनी ऐकल्यात त्यांना यातला फरक समजेल.

पैशाचं गणितही थोडं सुधारलंय. मैदानी भागात घराला १ लाख २० हजार. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं २८,०८०. (ही रोजगार हमी आपल्याच जिल्ह्यातली बरं का, वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे.) शौचालयाचे १२ हजार. शिवाय २०२५ पासून राज्य सरकारचे ५० हजार, त्यात ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सोलरला. सगळी बेरीज २ लाख १० हजारांच्या आसपास. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रास वाळू फुकट. एवढ्यात घर होतं का? होत नाही, वर लाख-दोन लाख घालावेच लागतात. पण लोक घालतात. बचत गटातून काढतात, पाहुण्यांकडून घेतात, दागिना मोडतात. आजोबांनी खोपीचं घर केलं तसंच.

म्हणून पैसा कमी पडतो ही तक्रार माझ्या दृष्टीनं दुय्यम आहे. पैसा थोडा थोडा जमवता येतो. जागा थोडी थोडी जमवता येत नाही.

आणि जागा लागते किती? घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे हिशेबानं बरोबर पाव गुंठा! सगळं अडलंय ते पाव गुंठ्यावर.

यावर सरकारचं उत्तर आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना. (नाव पाठ करायला मला वेळ लागला.) यादीत नाव आहे पण जागा नाही अशा माणसाला ५०० चौरस फूट जागा विकत घ्यायला मदत. आधी ५० हजार होती, नंतर १ लाख केली. ऐकून वाटलं, सुटला प्रश्न. मग चौकशी करायला लागलो.

पहिली अडचण भावाची. आमच्या गावात वस्तीला लागून असलेला गुंठा चार-साडेचार लाखाला सांगतात. ५०० फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून कमी, तरी १ लाखात बसत नाही. पण समजा एखाद्या भल्या शेतकऱ्यानं दिलीच १ लाखात. तर दुसरी अडचण कायद्याची. महाराष्ट्रात १९४७ सालचा तुकडेबंदीचा कायदा आहे. शेतजमिनीचे बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून केलेला, हेतू चांगलाच. २०२३ साली सरकारनं प्रमाणभूत क्षेत्र बदलून बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे केलं, त्याच्या खालच्या तुकड्याचं खरेदीखत एरवी होत नाही. आमचा सगळा भाग कृष्णेच्या पाण्याचा, बागायती. म्हणजे सरकारचं एक खातं म्हणतं अर्धा गुंठा घ्या, पैसे देतो. आणि दुसरं खातं म्हणतं दहा गुंठ्यांच्या आत खरेदी करायची नाही.

एकाच घरातल्या दोन मंडळींनी एकमेकांशी बोलायचं सोडलं की पाहुण्याची जशी गत होते तशी मावशींची गत. आमच्या धंद्यात याला इंटिग्रेशन टेस्टिंग न करणं म्हणतात. दोन्ही मॉड्यूल आपापल्या जागी उत्तम चालतात, जोडली की बंद.

मग लोक काय करतात? दहा-अकरा जण मिळून दहा-अकरा गुंठे सामाईक घेतात. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं एकत्र, प्रत्यक्षात प्रत्येकानं आपापला गुंठा दोरी लावून आखून घेतलेला. किंवा नुसती नोटरी करतात. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला हे जमतं. पण घरकुलाला चालेल असा स्वतःच्या नावाचा स्वच्छ कागद त्यातून सहज मिळत नाही. सरकारलाही हे दिसलं असणार, कारण मार्च २०२४ मध्ये विहीर, शेतरस्ता यांच्याबरोबर ग्रामीण घरकुलासाठीही कलेक्टरच्या परवानगीनं छोट्या तुकड्याचा अपवाद केला. २०२५ मध्ये तर तुकडेबंदी बरीच सैल करून जुने व्यवहार नियमित करायचा रस्ता काढला. चांगलं झालं. पण १९४७ च्या कायद्यात घरकुलाच्या अर्ध्या गुंठ्याला दार ठेवायला २०२४ उजाडावं लागलं. आणि कलेक्टरच्या परवानगीचा अर्ज घेऊन मावशी कुणाबरोबर जाणार आहेत सांगलीला? एका दिवसाची मजुरी बुडवून?

सगळ्यात जास्त टोचली ती तिसरी गोष्ट. सरकारी जमिनीवर राहण्यासाठी केलेली अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय २०१८ चा आहे. अट अशी की अतिक्रमण १ जानेवारी २०११ च्या आधीचं पाहिजे. (गायरानाचा विषय आणखी वेगळा. सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालानंतर त्याला हात लावायला कुणी तयार नसतं, आणि २०२२ मध्ये हायकोर्टाने गायरानं मोकळी करायला सांगितल्यावर राज्यभर किती घाबरगुंडी उडाली ते आठवत असेल.) मावशी २०१४ मध्ये आल्या. पहिले काही महिने त्या ओढ्याकडेला पाल ठोकून होत्या, पोरांना डास चावतात म्हणून आमची खोली भाड्यानं घेतली. म्हणजे अतिक्रमण करायलासुद्धा त्या उशिराच आल्या, आणि केलं ते टिकवलं नाही. त्यांनी अतिक्रमण केलं नाही, दर महिन्याला भाडं भरलं, म्हणून त्यांच्या नावाची कुठं फाईलच नाही. आधीपासून जागा धरून बसलेल्याला निदान नोटीस येते, नोटीस आली की फाईल होते, फाईल झाली की पुढारी येतो.

आणि जनगणनेच्या भाषेत मावशी बेघर नाहीतच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले बेघर २ लाखांच्या थोडे वर निघाले. हे लोक म्हणजे फूटपाथवर, पुलाखाली, उघड्यावर झोपणारे. डोक्यावर पत्रा असला की माणूस त्या रकान्यातून बाहेर. मग पत्रा कुणाचा का असेना.

आता कुणी म्हणेल, सरकारनं जागा आणायची कुठून? हा प्रश्न आमच्या तालुक्यात विचारला जातो तेव्हा मला हसू येतं. १९७६ साली महाराष्ट्रानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, देशात पहिला. ज्यांच्या रानाला धरणाचं पाणी मिळणार त्यांच्या जमिनीतून वाटा काढायचा, तो धरणात गाव गेलेल्यांना द्यायचा, नवीन गावठाण बसवायचं, रस्ता-पाणी-शाळा द्यायची. चांदोलीचे लोक अशाच वसाहती करून आमच्या तालुक्यात राहिले. हे आपोआप झालं नाही. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, कासेगावचे भारत पाटणकर यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आणि तरीही कित्येकांचं पुनर्वसन अर्धवट आहे. पण जमीन शोधता येते, मोजता येते, प्लॉट पाडता येतात, हे आमच्याच मातीत झालेलं आहे. २०११ साली भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आली, तिच्यात तर प्रत्येक कुटुंबाला ५ गुंठे जागा आणि तिच्यावर २६९ फुटांचं घर असं लिहिलंय. कागदावर तरी मला ती सगळ्यात शहाणी योजना वाटते, कारण ती जागेपासून सुरू होते. मावशींच्या जातीला ती लागू नाही.

गणित करून बघा. समजा एका गावात जागेवाचून अडलेली वीस नावं आहेत. प्रत्येकी ५०० फूट म्हणजे १० हजार चौरस फूट, सव्वानऊ गुंठे. रस्ता, गटार, विजेचे खांब धरले तरी पंधरा गुंठ्यांत भागतं. पंधरा गुंठे! आमच्या गावात लग्नाच्या हॉलचं पार्किंग याच्यापेक्षा मोठं आहे. सरकारनं प्रत्येकाला वेगळा १ लाख देऊन बाजारात पाठवण्यापेक्षा वीस जणांचे २० लाख एकत्र करून गावठाणाला लागून एक तुकडा घ्यावा, गावठाण वाढवावं, प्लॉट पाडून बाईच्या नावावर द्यावेत. सोलापूरला कुंभारीत विडी कामगार आणि असंघटित कामगारांची ३० हजार घरांची रे नगर वसाहत उभी राहतेय. आडम मास्तरांनी लोकांना एकत्र करून ती वर्षानुवर्षं लावून धरली, आणि जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार घरं ताब्यात दिली गेली. एकटा विडी कामगार जागा शोधत फिरला असता तर अजून फिरतच असता.

मे २०२५ मध्ये राज्याचं नवीन गृहनिर्माण धोरण आलं, 'माझे घर, माझा अधिकार'. २००७ नंतर पहिलंच. २०३० पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक. त्यातला बराचसा भर शहरांवर आहे. चांगलं आहे, मी पुण्यात ईएमआय भरतो, मला कळतं. फक्त त्या नावातल्या 'अधिकार' या शब्दापाशी मी थांबतो. मावशींचा अधिकार सध्या मोबाईलमधल्या दुसऱ्या फोटोवर अडकलाय.

आता आमच्या घरातलं भांडण. गेल्या वेळी गावाला गेलो तेव्हा मी जेवताना म्हणालो, आपल्याच मागची जागा मावशींच्या नावावर करून दिली तर? पाव गुंठाच तर आहे. अण्णांचा घास थांबला. आई माझ्याकडे बघतच राहिली. अण्णा म्हणाले, "ही जागा सरकारनं बाबांना दिलेली हाय. परवानगीबिगर इकता येत न्हाई, दानबी करता येत न्हाई." खरं होतं ते, उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ आहे, मी नंतर बघितलं. पण खरं सांगू? अण्णांचं उत्तर ऐकून माझ्या पोटात जे हलकं वाटलं ते मला आवडलं नाही. कायदा आड आला म्हणून मी सुटलो होतो. बहिणीचं लग्न, उद्या भिंत वाढवायची, जिना काढायचा, हे सगळं माझ्याही डोक्यात होतंच. म्हणून 'श्रीमंतांनी जागा दान करावी' वगैरे मी लिहिणार नाही. आम्ही श्रीमंत नाही आणि दानानं हे होणार नाही. आजोबांना ज्यानं दिली त्यानंच द्यावी.

त्या रात्री अण्णा बराच वेळ बाहेर कट्ट्यावर बसले होते. सकाळी चहा घेताना आपणहून म्हणाले, गावठाणाच्या उत्तरेला पडीक सरकारी तुकडा आहे, पूर्वी तिथं चावडीची गुरं बांधायचे. गायरान नव्हे ते, त्याचा गट नंबर वेगळा. मी तलाठ्याकडून उतारा काढायला सांगितलाय.

येत्या ग्रामसभेसाठी मी एक पानी अर्ज टाइप केलाय. दोनच मागण्या. यादीतली जागेवाचून अडलेली सगळी नावं सभेत वाचून दाखवा, आणि गावच्या हद्दीतल्या सरकारी जमिनीचे गट नंबर त्याच सभेत वाचून दाखवा. दोन्ही याद्या एकाच दिवशी, एकाच तोंडानं. मावशींना अर्ज वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "माझं नाव खाली घाल दादा, वर नगं. भांडी घासाय जाती मी लोकांच्यात." म्हणून पहिली सही मी करणार होतो. अण्णा म्हणाले, तू पुण्यात राहतोस, तुझ्या सहीला कोण विचारतंय. चष्मा शोधून आणला आणि वरच्या ओळीत स्वतःची सही केली, खाली कंसात लिहिलं, राहणार बेघर वसाहत.